काळवंडलेला चहा आणि माझं लिंबू

बुधवार, दिवेलागण

आज नातीला बघायला पोलादपूरची मंडळी आली आणि नेमकं नळाला पाणी नाही! आमच्या बोअरच्या पाण्यात लोह फार. चहातल्या तुरट द्रव्याने ते घट्ट धरलं आणि चहा काळवंडला. कपात आभाळच भरून आलेलं. मी तसं म्हणालोही.

"कविता पुरे, उपाय सांगा," ही फणकारली.

लिंबाचं आम्ल ते लोह स्वतःकडे ओढून घेतं, रंग उजळतो. पिळलं मी लिंबू. पण दूध... दूध घातलेलं होतं ना! रंग उजळला असेलही, चहा फाटला.

तेवढ्यात मुलाची आई स्वयंपाकघरात डोकावली. "आमच्याकडं पन बोअरचाच काळा चहा हाय ओ," ती हिला म्हणाली, "पन फाटलेला पयल्यांदाच बघितला!" हसतच सुटली. तिथेच होकार दिला.

ही म्हणते, लग्न जमलं ते तुम्ही असूनसुद्धा.