एकटीचा नको

आईस,

तुझ्या भटक्या लेकीचा वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे. खोकला थोडा आहे, पण तो इथल्या गार हवेचा. औषध घेते, तू काळजी करत बसू नकोस.

काल डोंगरावरच्या एका आदिवासी घरी गेले होते. त्यांचा जुना पोशाख आता फारसं कोणी घालत नाही, म्हणून फोटो काढायचे होते. घरातली आजी नटूनथटून बाहेर आली आणि मी बघतच राहिले! गळ्यापासून कमरेपर्यंत मण्यांच्या माळा, अंगावर लाल-काळं हातमागाचं वस्त्र, कपाळावर चांदीचा पट्टा. कापड तिनेच विणलेलं, माळाही तिनेच ओवलेल्या.

मी कॅमेरा लावला तर म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला बोलाव. एकटीचा नको."

आजोबा दारातच अडले. "माझा पोशाख मुलाला दिला लग्नात. या सदऱ्यात तुझ्याशेजारी शोभेन का मी?"

आजीने निम्म्या माळा उतरवल्या आणि सरळ त्यांच्या गळ्यात घातल्या.

"अगं, बायकांच्या माळा या!"

"माझ्याच आहेत ना? मग गप उभा राहा."

आजोबा लाजले, पण मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! इतका देखणा फोटो माझ्या हातून आजवर निघाला नव्हता.

बाबांचा गुडघा कसा आहे? मला खरं ते कळव. आणि आल्यावर तुम्हा दोघांचा फोटो काढणार आहे. "मी कशाला मध्ये" म्हणत दरवेळी बाजूला होतेस, ते आता चालणार नाही.

तुझी,
धाकटी