दोन सारखे कीबोर्ड

प्रिय भिंगरी,

एकाच घरात राहणाऱ्या माणसाने घरातल्याच माणसाला पत्र लिहायचं, हे बघून तुझी आई पोट धरधरून हसली असती. पण मी तोंडाने बोलायला गेलो की तू "काका, तुमचा चहा निवतोय" म्हणतेस आणि मीही मुकाट्याने चहा प्यायला लागतो. मग विषय राहतो तो राहतोच. म्हणून आज दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून, डोळे तपासायच्या खुर्चीतच ठाण मांडून लिहितो आहे. तेही हाताने, कीबोर्डवर नाही. का, ते पुढे कळेल. चष्मेवाल्याचं अक्षर डॉक्टरपेक्षा बरं असतं, तेव्हा तुला वाचायला अडचण येऊ नये.

विषय त्या संग्रहालयाच्या कामाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना सोमवारपर्यंत तुझं उत्तर हवं आहे. काचेवर काढलेले जुने फोटो, त्यांच्यावरची बुरशी आणि ओरखडे कॉम्प्युटरवर एकेक करून पुसायचे आणि आतली माणसं पुन्हा माणसांत आणायची. तू आज घरी बसून लोकांच्या आजी-पणज्यांचे फोटो दुरुस्त करतेस तेच काम, पण कितीतरी मोठं. त्यासाठी दोन वर्षं दुसऱ्या शहरात जाऊन राहायचं. तू मला म्हणालीस, "काम काही खास नाही हो काका, मला आवडलंच नाही, मी नको म्हणून कळवणार आहे." मी "बरं" म्हणालो. माझं ते एवढंसं "बरं" तू पडत्या फळाची आज्ञा मानून झेललंस आणि भांडी घासायला निघून गेलीस. भांडी आधीच घासलेली होती. ते असो. आधी कीबोर्डचं बोलू.

आपल्या बाहेरच्या खोलीतला जुना कीबोर्ड तुझ्या आईच्या टायपिंग क्लासमधला शेवटचा. क्लास बंद झाला, आई गेली, बाकीचे कॉम्प्युटर कोणी कोणी घेऊन गेलं, आणि हा एक दुकानाच्या कामासाठी मी ठेवून घेतला. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली आणि 'र' तर बुक्की मारल्याशिवाय उठत नसे. तरी मी तो बदलायला तयार नव्हतो. मग एकदा वायरीत पाय अडकून मी, कीबोर्ड आणि चहाचा कप असे तिघेही जमिनीवर आलो. त्यातला कप तेवढा वाचला. तू आधी माझे गुडघे बघितलेस, मग वायरीकडे बघितलंस आणि फर्मान काढलंस, की आता बिनतारी. तुझंही काही सुखाचं चाललं नव्हतंच. आतल्या खोलीत तुझ्या माउसची वायर टेबलाच्या कडेला अडकायची, आणि एकदा त्या हिसक्यात तू कुणाच्या तरी पणजीला मिशी काढली होतीस. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं होतं.

मी म्हणालो, बिनतारी म्हणजे सोफ्यावर पाय पसरून उंटावरून शेळ्या हाकायची सोय. तू म्हणालीस, हाका, पण पडू नका.

मग कीबोर्ड घ्यायला गेलो त्या दुकानात आपण जे केलं ते काउंटरवरची बाई जन्मात विसरणार नाही. तिने बिचारीने डब्यावर लिहिलेलं घडाघडा वाचून दाखवलं, पण मला त्यातून काय कळणार! मी आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारत आलो, आता बरं की आधीचं? त्याखेरीज मला निवड करता येत नाही. म्हणून मी स्टुलावर डोळे मिटून बसलो आणि तू एकेक कीबोर्ड माझ्या बोटांखाली सरकवत विचारत गेलीस, "हे बरं, की आधीचं?" एकाची बटणं इतकी चपटी की बोट बटणावर आहे की पोळपाटावर ते कळेना. एकाला उजवीकडची आकड्यांची बटणंच नव्हती. चष्म्याचे नंबर लिहिण्यात ज्याचा दिवस जातो त्याला तो काय कामाचा? एकाला दर आठवड्याला चार्जिंग. ते मी विसरणार हे ठरलेलंच, म्हणून आपण पेन्सिल सेलवाल्यांकडे वळलो. बाईने तोवर आतून आपल्या मैत्रिणीला तमाशा बघायला बोलावलं होतं. तू हसून हसून काउंटरला टेकलीस. आई गेल्यापासून तुझं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. खरं सांगतो, त्यानंतरचे दोन कीबोर्ड मी उगाचच काढायला लावले.

मग तो बिनआवाजाचा आला. बाईने त्याची फार तारीफ केली, की घरात कोणाची झोपमोड होत नाही. मी नको म्हणालो. तुला सांगितलं, बटण दाबलं गेलं की नाही ते बोटाला कळत नाही. ती थाप होती गं. ज्या खोलीत सकाळपासून टायपिंगचा खडखडाट असायचा ती खोली आता किती गप्प असते, ते तुलाही माहीत आहे. आतून तुझी टकटक ऐकू आली की मला वाटतं घरात कोणीतरी आहे. पैसे देऊन ती टकटक बंद करून आणायला मी काय वेडा आहे?

माउसच्या वेळी मात्र मी डोळे उघडे ठेवले होते. एका संचातला माउस लहान होता. तुझा हात त्याच्यावर असा बसला, की तू तो नकळत काउंटरवर दोनदा फिरवलास. मग माझ्या पंजाकडे बघितलंस, तो खाली ठेवलास आणि मोठ्या, उंच पाठीच्या माउसवर हात ठेवून म्हणालीस, "हाच बरा आहे काका, तुम्हालाही होईल." मी बाईला हाक मारली. लहान माउसचे दोन संच बांधायला सांगितले. आता माझा अर्धा तळवा बाहेर लोंबतो, पण माझं काम काय, दुकानाचे चार कागद. तू एक पांढरा आणि एक काळा घेऊ म्हणत होतीस. दोन्ही काळेच घेण्याचा हट्ट माझा. तुझ्या आईच्या क्लासमध्ये सगळं एकसारखं असायचं ना, म्हणून. त्या हट्टाने पुढे काय केलं ते सांगतोच.

माउस खाली ठेवतानाचा तुझा चेहरा मी आधीही एकदा बघितला होता. तू शाळेत होतीस, दोन वेण्यांची. आई तुला डोळे तपासायला घेऊन आली होती. तू खुर्चीत बसलीस आणि तक्त्याची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा धडाधड म्हणून दाखवलीस. मला शंका आली. मी तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. त्यातलं एकही तुला सांगता येईना. तुझ्या आधीच्या बाई वाचत होत्या तेव्हा बाकावर बसून तू सगळा तक्ता पाठ केला होतास! मला वाटलं, पोरीला चष्मा नको आहे, वर्गात चिडवतील म्हणून घाबरते. म्हणून आईला जरा बाहेर पाठवून विचारलं, तर तू पुटपुटलीस, "आईला आधीच खूप टेन्शन आहे." एवढीशी पोर, फळ्यावरचं काही दिसत नव्हतं तिला, आणि काळजी कोणाची! मी आईला सांगितलं, नंबर अगदी छोटा आहे, काळजीचं काही नाही. तुझी फ्रेम सैल झाली म्हणून ती नंतर इतक्या वेळा आली, की त्या स्क्रूला आणखी पिळायला जागा उरली नाही. ती फ्रेमसाठी येत नाही हे उमगायला मला वर्ष लागलं. दुसऱ्यांना दृष्टी देणाऱ्याची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेव्हापासून मी तुझा चष्मेवाला काका, आणि आईशी माझं लग्न झाल्यावर नुसता काका. मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही.

तर ते दोन काळे संच. घरी आल्यावर मी उत्साहाच्या भरात दोन्ही खोकी एकाच टेबलावर उघडली. प्रत्येकात तो नखाएवढा रिसीव्हर, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा. दोन्ही हुबेहूब सारखे. एक तुझ्या कॉम्प्युटरला खोचला, एक माझ्या, आणि अर्थातच उलटे. तुझी बटणं माझ्या कॉम्प्युटरशी बोलणार आणि माझी तुझ्याशी, मधली भिंत त्यांच्या खिजगणतीत नाही. मला याचा पत्ता नव्हता. माझ्या पडद्यावर जुना कीबोर्ड पडायच्या आधी लिहिलेली सूचना उघडी होती, 'दुकान गुरुवारी बंद राहील.' नवा कीबोर्ड चालवून बघावा म्हणून मी चष्मा शोधत होतो. तू आत मैत्रिणीला लिहीत होतीस, ते अर्धवट राहिलेलं पुढे लिहायला बसलीस. आणि माझ्या सूचनेखाली आपोआप अक्षरं उमटायला लागली. आधी वाटलं भुताटकी. मग आतली टकटक आणि बाहेरची अक्षरं यांचा ताल जुळला आणि डोक्यात प्रकाश पडला. तिथेच तुला हाक मारायला हवी होती. नाही मारली. तू टायपिंग शिकवणाऱ्या बाईची मुलगी असून दोन बोटांनी, मान खाली घालून टाइप करतेस. मान वर, नजर समोर, म्हणून आईने किती घसा कोरडा केला! तिचं एकदा जरी ऐकलं असतंस तर दुसऱ्याच शब्दाला थांबली असतीस आणि मला काही कळलंच नसतं. मान वर केल्यावर तू ओरडलीस, "काका, हा मेलाय वाटतं!" मी आत आलो, सेल उलटा बसलाय म्हणालो आणि गुपचूप रिसीव्हर बदलले. सेल अगदी सुलटा होता, आणि तेव्हापासून मनातलं काही लिहायचं तर मला कीबोर्डचा भरवसा वाटत नाही.

आता काय वाचलं ते सांगतो. पहिलं वाक्य होतं, 'बाबांना एकटं टाकून मी कशी जाऊ?' तू रांगत असताना घर सोडून गेलेला तो माणूस परत आला की काय, तुमचं बोलणं चालू आहे आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही, असं वाटून मी खुर्ची धरली. पडद्याला नाक लावून पुढचं वाचलं, 'गॅसवर चहा ठेवून विसरतात, स्वतः चष्मेवाले असून चष्मा कपाळावर ठेवतात आणि घरभर शोधतात.' माझा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता. तो नाकावर घेऊन उरलेलं वाचलं, 'त्यांना सांगितलंय, काम आवडलं नाही म्हणून. खरं तर इतकं सुंदर काम मला पुन्हा कोणी देणार नाही.' भिंगरी, माझ्या तोंडावर कधी न म्हटलेला तो शब्द तू मैत्रिणीपाशी किती सहज वापरतेस! मी ती सूचना तशीच ठेवून बराच वेळ रडलो, मग तुझ्या ओळी पुसल्या. चोरून वाचल्याबद्दल रागाव, दोन दिवस अबोला धर, पण सोमवारच्या आत कळव, की मी येते. तुझं ते 'आवडलं नाही' म्हणजे पाठ केलेला तक्ता आहे, आणि तक्ता उलटा करून बघणं हा माझा धंदा आहे. तू गेलीस की मला करमणार नाही, टकटक नाही म्हणून संध्याकाळी घरी यायला नको वाटेल, यातलं काही मी लपवत नाही. पण न करमण्याने कोणी आंधळं होत नाही. तू इथे मोठा माउस धरून 'हाच बरा' म्हणत बसलीस, तर ते मात्र मला रोज दिसेल, आणि ते मला बघवणार नाही. चहा मी तुझी आई असतानाही विसरत होतो, गॅस तीच बंद करायची. आता स्वयंपाकघरातून हलायचंच नाही, चहा होईपर्यंत उभं राहायचं, असं ठरवलं आहे आणि कालपासून पाळतो आहे. तुझ्या ड्रॉवरमधल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका मी तुझ्या रिसीव्हरवर दिला आहे. जाताना तोच ने. माझा नेलास तर तिथे तुझं आणि इथे माझं, दोघांचंही काम ठप्प होईल. तोंडाने मला काकाच म्हण, सवय मोडायची काही घाई नाही. खाली सही मात्र तुझ्याच शब्दाने करतो आहे. पहिल्यांदाच करतो आहे, तेव्हा अक्षर जरा हललं आहे. आता मान वर कर आणि सांग, जायचं बरं, की राहायचं? पाठ केलेलं नको. दिसतं ते सांग.

तुझाच,
बाबा