परतीचं पान

मंगळवार, १४ ऑक्टोबर. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. आताच एका टेम्पोच्या मागच्या चाकाचे नट आवळले, हात रॉकेलने धुतले आणि उस्तादांच्या गॅरेजच्या माळ्यावर लिहायला बसलो.

ताई, नमस्कार.

मी बरा आहे. तुम्ही तिघंही बरी असाल. छोटीचा खोकला थांबला का? तिच्या औषधाचं झाकण नीट लागत नाही, बाटली उभीच ठेव.

फोन केला नाही. तू उचलला असतास, रडली असतीस, आणि मग मीच तुझी समजूत काढत बसलो असतो. म्हणून पत्र. आठवीत माझी शाळा सुटल्यावर वर्षभर रोज शुद्धलेखन घालून तूच माझं अक्षर टिकवलंस. तेव्हा कुठे चूक सापडलीच तर निम्मी तुझी.

आधी सहलीबद्दल लिहितो. सगळं वेळेवर झालं. शनिवारी पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं, पाच पस्तीसला निघालो. ती पाच मिनिटं उस्तादांच्या चष्म्यापायी गेली. चष्मा कपाळावरच होता. दर तासाला दहा मिनिटं थांबून इंजिन निववलं. एकशे ब्याऐंशी किलोमीटरमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटा एकदाही मध्याच्या वर गेला नाही. उस्तादांना पुढे बसवलं, कारण ते मागे बसले की मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबतात. गॅरेजातला आपला फ्यूज मागे वायरींचं वेटोळं मांडीवर घेऊन झोपला. दाजी सगळ्या रस्त्याने मला "इन्स्पेक्टरसाहेब" म्हणत होते. "इन्स्पेक्टरसाहेब, शिंकू का? वहीत शिंकेला वेळ ठेवलाय ना?" मीही हसलो. खूप हसलो, ताई.

वही तुला आठवत असेलच. २८ सप्टेंबरला, रविवारी, तुझ्याच टेबलावर बसून आम्ही चौघांनी बेत आखला. पहिल्या पानावर जायच्या वेळा. दुसऱ्यावर दोन खोल्या आणि कोण कोणाबरोबर झोपणार (उस्ताद घोरतात, म्हणून फ्यूज, कारण त्याला बाँब फुटला तरी जाग येत नाही). तिसऱ्यावर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा प्रवेशअर्ज, गाडीचं वय, रंग, कोणता भाग कधी बदलला. चौथ्या पानावर मी "परतीचा प्रवास" असं लिहून खाली रेघ ओढली, तेवढ्यात दाजी म्हणाले, "ते पान कोरं ठेव. परतीचं मी बघतो."

मी म्हटलं, "पेट्रोल तरी लिहून ठेवतो."

"अरे, सगळंच तू करणार का? आम्हालाही काही करू दे."

उस्ताद खिडकीबाहेर बघायला लागले. तू "दूध उतू जाईल" म्हणून उठलीस. गॅस बंद होता, ताई. मला दिसलं होतं. मला वाटलं, तू दमली असशील.

निघायच्या दिवशी तू खाली आलीस, बॉनेटवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "उभा राहा तिच्याशेजारी, फोटो काढते." चार वर्षं मी त्या गाडीखाली पडून होतो, तू एकदाही फोटो काढला नव्हतास. मी केस सारखे केले. त्या फोटोत मी हसतो आहे. तो पुसून टाक.

प्रदर्शन मोठं होतं. एका मैदानात साठ गाड्या, प्रत्येकीपुढे पाटी. आपला नंबर एक्केचाळीस. पाटीवर मालकाचं नाव तुझं, त्याखाली "दुरुस्ती" आणि पुढे माझं. असं छापलेलं नाव मी पहिल्यांदा पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ आले, दार उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाले, "आमचीही अशीच होती. विकली आणि पंधरा दिवस जेवलो नाही." मी त्यांना बाबांच्या सीटवर बसवलं. बाबा गेले तेव्हा मी पंधराचा होतो, कायद्याने अज्ञान, म्हणून गाडी तुझ्या नावावर चढली. कचेरीच्या जिन्यात तू मला म्हणाली होतीस, "नाव माझं, गाडी तुझी." तिथे तिसरं माणूस नव्हतं. तेव्हा तू म्हणालीच नव्हतीस असंही तुला म्हणता येईल. तू तसं म्हणणार नाहीस, एवढं मला माहीत आहे.

रविवारी अकराला एक दातांचे डॉक्टर आले. दाजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, त्यावरून कळलं की ओळख जुनी आहे. डॉक्टरांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "मग ताबा आजच ना?"

दाजी म्हणाले, "आजच. दुपारी."

मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीबद्दल चाललंय. मग दाजींनी खिशातून लिफाफा काढला. डॉक्टरांनी त्यातला कागद माझ्यापुढे धरला. "तुम्हीच ना कारागीर? जरा नंबर जुळतोय का बघा."

मी बॉनेट उघडलं. चासीचा नंबर एकेक अंक करून जुळवला. बरोबर होता. खाली तुझी सही होती. तारीख २६ सप्टेंबर. म्हणजे बेताच्या रविवारी तू आम्हा चौघांना चहा दिलास तेव्हा सहीला दोन दिवस झाले होते.

मी दाजींकडे बघितलं. ते म्हणाले, "घरी गेल्यावर बोलू."

"उस्ताद, तुम्हाला माहीत होतं?"

"अरे पोरा, मला वाटलं ताईने तुला सांगितलं असेल."

"फ्यूज?"

फ्यूजचा हात शर्टाच्या खिशावर गेला. नंतर कळलं, त्या खिशात बसची चार तिकिटं होती. बुधवारी काढलेली. माझं त्यात होतंच.

दाजींनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या ताईला स्वतःचं घर हवंय रे. बुकिंगचे पैसे भरायचेत. गाडीत काय संसार मांडायचा? ती म्हणत होती, त्याला आधी सांगू. मीच म्हटलं, आधी त्याला मनासारखी घासूनपुसून करू दे, भाव चांगला येईल."

म्हणजे मी मागच्या दोन रविवारी जे पॉलिश केलं ते प्रदर्शनासाठी नव्हतं.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. दाजींनी तुला सांगितलं असेल की मी सौदा पाडायला बघितला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुमच्या हातची गाडी आहे, तुम्हीच सांगा, काही दोष?" मी तीन सांगितले. मागच्या तळाला पत्र्याचा जोड आहे, हे खरं. दुसरा गिअर थंडीत अडतो, हेही खरं. तिसरा, इंजिनच्या ब्लॉकला केसाएवढी चीर आहे. हे खोटं. तो ब्लॉक मी स्वतः भिंगातून तपासलाय, त्याला ओरखडाही नाही. वाटलं, हे ऐकून डॉक्टर उठून जातील आणि मी तिला परत आणीन. ते उठले नाहीत. पंचवीस हजार कमी केले आणि किल्ली घेतली.

चार वर्षं सांभाळलेल्या गाडीची मी तिच्यासमोर उभं राहून बदनामी केली. दाजींना घाबरवण्यात मला दोन मिनिटं बरं वाटलं, हेही लिहितो. आज सकाळी डॉक्टरांना पत्र टाकलं: ब्लॉकला चीर नाही, मी खोटं बोललो, कृपा करून इंजिन उघडू नका. पैसे परत मागितले नाहीत. ते माझ्यावर.

बसमध्ये उस्तादांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी एक घेतलं, कारण भूक लागली होती.

"विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो" असं आधी लिहिलं होतं. ते पान फाडलं. विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो. भांडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो. तुझ्या घराचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी कदाचित स्वतःच डॉक्टरांना फोन केला असता, कदाचित नसताही. पण नाही म्हणायची पाळी माझी होती, ताई. ती तू घेतलीस. दाजी परके आहेत, त्यांचा राग येऊन जाईल. उस्तादांकडे पोट आहे, म्हणून इथेच काम करतो. तू मात्र मला वाढवलंस.

मी आता माळ्यावरच राहतो. फ्यूज कपडे न्यायला येईल, त्याला काही विचारू नकोस. खाली हिशेब दिला आहे, एकदा तपासून घे.

तुझ्याकडेच लिहायला शिकलेला,
तुझा भाऊ

खर्च
सहलीची माझी वर्गणी: १,८५०
प्रवेशअर्ज: ५००
पॉलिश, मेण, फडकी: ४२०
डॉक्टरांचं पत्र: ५

देणे
दाजींना, बसचं तिकीट: ३१० (सोबत पाठवले)
तुला, ब्लॉकच्या खोट्यापायी: २५,०००. दरमहा २,५००, दहा महिने, फ्यूजच्या हाती. पहिला हप्ता सोबत.

तुझ्याकडून घेणे
काही नाही.