फडक्याचा नंबर

४ नोव्हेंबर, मंगळवार

लेक आज पुन्हा न जेवता उठली! ताट झाकून ठेवलं. मुंग्या चढतील म्हणून उघडून पाहिलं. चार वेळा. पाचव्यांदा ती आतून ओरडली, "बाबा, मुंग्यांनाही कंटाळा येईल तुमचा!"

शेवटी विचारलंच, की तुझं काम तरी काय. लोक संगणकासाठी जे लिहितात ते यंत्राला कळेल असं उतरवून देणारा एक प्रोग्रॅम असतो. कंपायलर म्हणतात. लिहिणाऱ्याचं चुकलं तर त्याने नेमकं बोट ठेवायचं — अमुक फाइल, अमुक ओळ, अमुक अक्षर. म्हणून प्रत्येक शब्दाचा पूर्ण पत्ता तो जवळ बाळगतो. आणि शब्द लाखांनी! पत्त्यांनीच मेमरी भरते. लहान संगणकावर तर मध्येच मान टाकतो. लेकीने हे पत्ते आटोपशीर करायचे. चौदा तारखेला ऑफिसातल्या मोठ्या बाईंना दाखवायचं. जमलं तर नोकरी कायम. नाही तर डिसेंबरात करार संपला.

मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. ती आपली निवांत केस विंचरत होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

चहाला बसलो होतो. ती म्हणाली, "रुमालाएवढ्या शब्दाला चादरीएवढा पत्ता बांधलाय आम्ही."

मला हसू आलं. म्हटलं, मग आमच्यासारखं कर की.

सव्वीस वर्षं लाँड्रीत चिंध्या लावल्या मी. माझ्याआधी प्रत्येक कपड्यावर गिऱ्हाइकाचं नाव, गल्ली, घर, सगळं लिहीत. मालकाने ते बंद केलं. सगळ्या गाठोड्यांना मिळून एकच सलग नंबर. कपड्याला बोटभर चिंधी, तिच्यावर नुसता आकडा. वहीत एवढंच, की कुणाचं गाठोडं कुठल्या आकड्यापासून सुरू. ४१२ पासून डॉक्टर, ४४० पासून शाळेतल्या बाई. मग ४१७ कुणाचा? डॉक्टरांचा. आणि गाठोड्यातला सहावा. संपलं!

लेक कप हातात धरून तशीच बसली. मला वाटलं चहात काही पडलं.

"बाबा," ती म्हणाली, "असंच करायचं चाललंय माझ्या डोक्यात महिनाभर. सगळ्या फाइली एकापुढे एक ठेवायच्या आणि शब्दाला एकच आकडा द्यायचा. तुम्ही सातवी नापास ना?"

"गणितात नव्हे," मी म्हटलं. "चित्रकलेत."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेमरी एक तृतीयांशावर आली! ती स्वयंपाकघरात गाणं म्हणत होती. बेसूर. पण म्हणत होती.

मी दूध उतू घालवलं. गाणं थांबलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

घात झाला. यंत्र भलत्या फाइलीवर बोट ठेवतंय! सगळीकडे नाही. मध्येच कुठे तरी. एका फाइलीची तक्रार शेजारणीच्या नावावर.

लेकीचा संशय टकलूवर. टकलू म्हणजे तिच्या शेजारी बसणारा. फाइली वाचून रांगेत लावायचं काम त्याचं. "त्यानेच रांग चुकवली असणार," म्हणते. मोठ्या बाईंनी उद्यापर्यंत लेखी मागितलंय, चूक कुणाच्या कामात आहे ते. टकलूचाही करारच. त्याला दोन लहान मुली.

मी विचारलं, कुठल्या फाइलीपाशी चुकतं ते कळलं का?

"एक रिकामी फाइल आहे तिथे. आत काहीच नाही. काही काही वेळा असतात तशा."

रिकामी!

उठून खिडकी लावली. मग उघडली. ती म्हणाली, "बाबा, एक काय ते ठरवा."

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी

झोप नाही. मला चूक ठाऊक आहे. कालच कळली, तिच्या तोंडून शब्द बाहेर पडताच.

नुसती चूक सांगितली असती तरी भागलं असतं. पण ती विचारणारच, तुम्हाला कसं सुचलं? आणि मला खोटं बोलताना घाम फुटतो. एकदाच फुटला नव्हता.

लेक टेबलाशी बसून बाईंना पत्र लिहितेय. टकलूचं खरं नाव लिहिलेलं दिसलं. दोनदा.

११ नोव्हेंबर, दुपारी

सांगितलं. सगळं. इथेही लिहून ठेवतो, नाही तर उद्या मीच मला वेगळं काही सांगेन.

मालकाचा नियम होता — गाठोड्याच्या फडक्यालाही नंबर द्यायचा. आधी फडक्याला, मग कपड्यांना. मला वाटायचं, फडक्याला कशाला चिंधी? फडकं ते फडकं! डॉक्टर, बाई यांना लावायचो, मालक बघत असला तर. एरवी गाळायचो.

एका बाईंनी एकच कोट दिला. गेलेल्या नवऱ्याचा. कोपराला फाटलेला, म्हणून मी तो चिंधी लावण्याआधीच रफूवाल्याकडे पाठवला. गाठोड्यात उरलं नुसतं फडकं. त्याला नंबर दिला नाही. म्हणजे एकही आकडा खर्च झाला नाही. वहीत त्यांच्यापुढे ३०६. आणि पुढच्या गिऱ्हाइकापुढेही ३०६! रफूवाल्याच्या चिठ्ठीवर "३०६ चा कोट". तो गेला पुढच्या गिऱ्हाइकाच्या थप्पीत. ते गिऱ्हाईक म्हणजे फिरस्ता माणूस. कोट घेऊन गाव सोडून गेला.

बाई दुकानात पायरीवर बसून रडल्या. मालकाने विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, थप्पी इस्त्रीवाल्यादादाने लावली.

खोटं नव्हतं. थप्पी त्यानेच लावली होती. माझ्या आकड्यावरून. मालकाने त्याला त्याच दिवशी काढलं. दादा एक शब्द बोलला नाही. इस्त्रीतले निखारे ओतून टाकले, इस्त्री पुसली, जागेवर ठेवली आणि गेला. एकतीस वर्षं झाली.

लेकीने हातातलं पेन खाली ठेवलं. वाटलं, आता उठून जाईल. ती म्हणाली, "म्हणजे रिकाम्या फाइलीला स्वतःचा एक आकडा हवा."

"प्रत्येकीला," मी म्हटलं. "भरलेलीलाही. नियम म्हणजे नियम. मी कोण गाळणारा?"

तिने पत्र फाडलं नाही. टकलूच्या नावावर काट मारून स्वतःचं लिहिलं. "आकडे मीच वाटले होते, बाबा. त्याने रांग बरोबरच लावली होती."

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रत्येक फाइलीमागे एक आकडा जास्त. बस्स. बोट बरोबर जागी! रिकाम्या चाळीस फाइली मुद्दाम घालून पाहिल्या. चाळीसच्या चाळीस बरोबर.

मी विचारलं, असे आकडे देत गेलीस तर संपतील ना कधी तरी? म्हणाली, चारशे कोटींच्या वर आहेत. तरी संपले तर? "मग काळजी करायला तुम्ही आहात की."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कायम झाली! मोठ्या बाई म्हणाल्या म्हणे, चूक स्वतःच्या नावावर लिहून आणणारी पहिलीच बघितली. टकलूलाही ठेवून घेतलं. तो खास भेटायला आला होता घरी. डोक्यावर चांगले भरपूर केस! लेक म्हणते, आमच्याकडे नावं अशीच ठेवतात.

तो गेल्यावर ती भांडी विसळत होती. पाठ माझ्याकडे. "तो इस्त्रीवाला कुठे असतो आता?"

माहीत नाही म्हटलं.

"शोधलंत कधी?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

रफूवाल्याच्या दुकानात आता त्याची सून बसते. तिने दादाचा पत्ता दिला. बस बदलून पाऊण तास. इतकंच. एकतीस वर्षं, आणि पाऊण तास!

उद्या जातो. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. लेक म्हणते मी येते. नको म्हटलं. मग म्हटलं, ये.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादाने मला बोलूच दिलं नाही. "फडक्याला नंबर नव्हता ते मी त्याच दिवशी बघितलं होतं रे." मग लेकीकडे बोट करून म्हणाला, "ही तेव्हा आठ दिवसांची होती. दोघांतल्या एकाला जायचंच होतं."