दामोदरभाऊंच्या मशीनची खडखड

३ नोव्हेंबर, सोमवार. गोंडपिपरी

सकाळपासून पडवीत. जुन्या मिक्सरचे कार्बन बदलले, आता पुन्हा गरगर फिरतो. जुन्या यंत्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. नागपूर-वर्ध्याचे आमच्यासारखेच चार वेडे आहेत, त्यांनी लगेच अंगठे पाठवले.

कुंदा अंगणात दगडावर कपडे आपटत होती. "घरात तीन-तीन मशिनी, अन् मी दगडावर. लोकायनं पाहिलं तं काय म्हनतीन?" तिचं खरं आहे. पण त्या मशिनी चाळीस वर्षांच्या, मी पॉलिश करून ठेवलेल्या. रोजच्या धुण्याला लावल्या तर राहील काय त्यांच्यात!

दुपारी अहेरीहून मायाचा फोन. दामोदरभाऊंची मुलगी, दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "काका, एकदा येऊन जा. बाबा आजकाल कोनालेच ओळखून नाई राह्यले. तुमाले पाह्यलं तं कदाचित..." पुढे बरंच बोलली. पण तिच्याकडे मागे मशीन चालू होती आणि स्पिनर असा काही आदळत होता की माझं सगळं लक्ष तिकडे. तिन्ही स्प्रिंगा गेल्या असणार. रबरही.

परवा-तेरवा जातो म्हटलं. सामान काढून ठेवलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार. अहेरी

आष्टीपर्यंत रस्ता बरा, पुढे आलापल्लीकडे ट्रकांनी चाळण करून टाकलीय. अकराला पोचलो. दामोदरभाऊंना जयभीम केला. त्यांनीही हात जोडले, म्हणाले, "बसा साहेब. रेंजर साहेब दौऱ्यावर गेले." जंगल खात्यात कारकून होते, त्यामुळे मी आता त्यांच्या ऑफिसात आलेला कोणीतरी. वाईट वाटलं. ज्या माणसाबरोबर भंगारबाजार पालथे घातले, एका टायमरसाठी वणवण केली, त्याने मला साहेब म्हणावं.

म्हणून मशीनकडे वळलो. तिथे मला कळतं काय करायचं ते.

दोन टबांची, मोरपिशी झाकणाची. शांतावहिनींच्या हातची. वहिनींना जाऊन दोन पावसाळे झाले, तरी झाकण लखलखीत. मी नेहमी म्हणायचो, ही मला द्या, म्हाताऱ्या मशिनीला रोज काय राबवता? तेव्हा भाऊ म्हणायचे, "जे चालते तेच जिवंत राह्यते गा. तुह्या पडवीत मुडदे हायेत मुडदे." आम्ही दोघं यावरून किती भांडलोय.

मायानं दुरुस्त करा असं म्हटलं नव्हतं. पण मी सुरू केलं, ती काही बोलली नाही. आधी चालू करून मोबाईलमध्ये शूटिंग घेतलं, 'आधी' आणि 'नंतर' दाखवायला. थांबताना स्पिनर थड थड थड करत सगळी मोरी हलवत होता. मग उलटी केली. रबरांचा बोटांत भुगा झाला. स्प्रिंगा पार बसलेल्या. नव्या टाकल्या, बोल्ट कसले, तेल दिलं. झाकणावर पाण्याचा भरलेला पेला ठेवून स्पिनर फिरवला. थेंब सांडला नाही.

भाऊ स्टुलावर बादली घेऊन बसून होते. मशीन थांबली तरी बघतच राहिले. मला वाटलं, काम पसंत पडलं. जुनी नजर आहे शेवटी.

मायानं आग्रहानं जेवू घातलं. भाऊंना भूक नव्हती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिडिओवर नुसत्या टाळ्या. वर्ध्याचा म्हणाला, मेलेली उठवलीत. पेल्याची आयडिया सगळ्यांना आवडली. मीही तीन-चारदा पाहिला. अजून हात चालतात म्हणायचे!

जुन्या स्प्रिंगा डब्यात टाकल्या. कुं. म्हणाली, कचऱ्यात टाका. मी कधी काही टाकतो का?

१० नोव्हेंबर, सोमवार

मायाचा फोन, सकाळी सातलाच. बाबा जेवत नाहीत. चार दिवस. घास तोंडाशी नेला तर हात ढकलतात. कपडे धुवून होतात, ते बादली घेऊन बसलेले ते बसलेलेच. दुपारी ड्यूटीवरून येऊन पाहते तर तिथेच, ओल्या फरशीवर पाय.

मी म्हटलं, आजार वाढला असेल.

म्हणाली, "काका, राग मानू नका. थे मशीन आता वाजत नाई ना."

मग सांगितलं. वहिनी असताना स्पिनर आदळत थांबला की त्या हाक द्यायच्या, "झाले जी कपडे, नेता का?" भाऊ बादली घेऊन दोरीवर. वाळत घालून हात धुवायचे आणि पाटावर येऊन बसायचे. तीस वर्षं हाच क्रम. वहिनी गेल्या, हाक गेली, डोकंही जायला लागलं, पण खडखड झाली की उठायचे. दिवसातलं तेवढं एक काम न सांगता करायचे आणि मग न सांगता जेवायला यायचे. "आता त्यायले समजतच नाई का कपडे झाले मनून. उठा म्हटलं तं म्हनतात, नाई झाले अजून."

फोन ठेवल्यावर कुं.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुमाले कोनी सांगतलं होतं का दुरुस्त कराले?"

"नाई."

"मंग काऊन केली?"

काय सांगू. आवाज बिघडलेला होता म्हणून केली. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं, यंत्र बोलायला लागलं की समजा दुखणं आहे. त्या घरात दुखणं कुठे आहे ते मात्र मला दिसलं नाही. माणसाला भेटायला बोलावलं होतं आणि मी पाने-पक्कड घेऊन गेलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी एक सुचलं. 'आधी'च्या व्हिडिओत आवाज आहेच. मायाला पाठवला, म्हटलं मशीन थांबली की त्यांच्याजवळ लाव.

आज तिनं लावला. भाऊंनी मोबाईल हातात घेतला, कानाला लावला आणि म्हणाले, "हॅलो." मग बराच वेळ ऐकत राहिले. संपल्यावर तिला परत देऊन म्हणाले, "बोलून नाई राह्यले."

सांगताना माया हसली.

दोन दिवसांत येतो म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. अहेरी

पहिल्या बसनं निघालो. पिशवीत पाने आणि जुन्या स्प्रिंगांचा डबा. भाऊंचे गाल बसलेत. आज त्यांनी साहेबही म्हटलं नाही.

बोल्टवर पाना लावला आणि हात चालेना. उभ्या आयुष्यात चांगलं चाललेलं यंत्र मी बिघडवलेलं नाही. मायानं विचारलं, "अडकलं का काका?" हो म्हटलं.

आधी फक्त बोल्ट ढिले केले. आवाज आला पण कोरडा, पत्र्याचा. भाऊंनी मान वर करून विचारलं, "कोनाच्या घरी वाजून राह्यलं?" म्हणजे कान शाबूत आहेत. या माणसाला मी एकेकाळी नुसत्या आवाजावरून मोटर ओळखताना पाहिलंय, त्याला फसवायला निघालो होतो.

पुन्हा उलटी केली. जुन्या स्प्रिंगा बसवल्या. नवी रबरं ब्लेडनं कापून निम्मी केली, एकीकडची थोडी जास्त. चार वेळा उघडली, चार वेळा लावली. दीड वाजला. पाचव्यांदा स्पिनर फिरला, थांबायला आला आणि थड, थड, थड. मोरी हलली.

भाऊ उठले.

कोणाकडे न बघता कपडे बादलीत काढले, अंगणात गेले. शर्ट खालच्या बाजूनं दोरीवर, खिसे उलटे. मी मागे उभा. मायाची साडी आली तेव्हा एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं मागे न बघताच माझ्याकडे केलं. "धर वं नीट. वढ."

ते मला म्हटलेलं नव्हतं. मी धरलं. दोघांनी ओढून झटकली, पाण्याचे थेंब तोंडावर आले. घडी जुळवून त्यांनी ती दोरीवर टाकली, सुरकुत्या हातानं काढल्या, नळावर हात धुतले आणि जाऊन पाटावर बसले. वरण-भात, वांग्याची भाजी. दोनदा भात मागितला.

मी मोरीत जाऊन पाने पुसत बसलो. रडलो. लिहायला लाज कसली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मायाचा फोन. जेवतात, झोपही लागते. रोज धुवायला कपडे कुठून आणायचे, म्हणून धुतलेलेच पुन्हा भिजवते. मग विचारलं, "काका, अशानं मशीनले काई होनार तं नाई ना?"

काही होत नाही म्हटलं. खोटं.

टब प्रत्येक फेरीला आदळतो, शाफ्ट वाकडा फिरतो, पाणी अडवणारं सील झिजतं. आधी हे वर्षानुवर्षं हळूहळू चाललं होतं, रबरं थोडी तरी धरून होती. मी कापली ती अंदाजानं, जास्तच. आवाज तोच आला, पण मार दुप्पट बसतो. नीट करायला पुन्हा उघडावी तर आवाज पुन्हा जुळेल याची खात्री नाही. एकदा जुळला तो नशिबानं.

ग्रुपवर विचारलं, या मॉडेलचा टब किंवा शाफ्ट कोणाकडे? कोणाकडेच नाही. नागपूरचा म्हणाला, तुम्ही तर परवाच ठणठणीत केली ना? पेल्याच्या व्हिडिओवर अजून टाळ्या येतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मायाला सुचवलं, एक दिवसाआड लाव. काल लावली नाही. भाऊ बादली घेऊन संध्याकाळपर्यंत बसले, पोटात चहाशिवाय काही नाही. आज पुन्हा लावली. रोजच लावावी लागणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मायानं फोटो पाठवला. भाऊंच्या पांढऱ्या बनियनवर काळे डाग. "हे कायचे पडून राह्यले काका? साबन बदलू का?"

साबण नाही. सील फुटलं, शाफ्टचं वंगण आत येतं. म्हणजे पाणीही खाली उतरतंय, मोटरवर. फार तर उन्हाळ्यापर्यंत. कदाचित त्याआधीच.

बदलून बघ म्हटलं साबण.

पडवीतल्या तिन्ही मशिनी उघडून पाहिल्या, एकीचंही माप जुळत नाही. जुळलं असतं तर फोडली असती, कुं.ची शपथ.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. आपल्यात मागणं नसतं. तरी हात जोडल्यावर मनात आलंच, मशीन भाऊंच्या आधी बंद पडू नये. कुं. बाजूला होती. म्हणाली, "एवढा वेळ काय करून राह्यले डोये मिटून?" काही नाही म्हटलं.

चहा घेऊन इथे बसलो आणि ते वाक्य लिहिलं. लिहून वाचल्यावर कळलं, मशीन फार तर उन्हाळ्यापर्यंत टिकेल हे मला माहीत आहे, आणि भाऊंनी तिच्याआधी जावं असं मी मागितलं. माझ्या मित्रासाठी मागितलं.

खोडायला पेन टेकवलं होतं. खोडलं नाही.