धुक्यात ‘अहो’ पुरत न्हाई

१५ जुलै १९७४, सोमवार
तिसऱ्या श्रावणी सोमवारी आमी नवराबायको भीमाशंकरला जाणार. एसटी सोडते तिथून पुढं सगळं रान. गेल्या साली शेजारची छबूबाई तिथं धुक्यात चुकली. नवऱ्याचं नाव घेता येत न्हाई, म्हणून नुसतं ‘अहो, अहो’ करत बसली. दहा गावांचे नवरे ओ देत आले, तिचा सोडून.
माझं तसं होणार न्हाई. मी वाजणारी वस्तूच घेणार. एकदा वाजली की मालक हजर. त्यांना सांगितलं. म्हणाले, तुझा गुडघा दुखतो, तू घरीच ऱ्हा, मी एकटा जाऊन येतो. माझी फार काळजी त्यांना.

१८ जुलै
देहूरोडला गेले. फौजेचा जुना माल मिळतो तिथं. बोलायच्या फोनची जोडी बघितली. झकास. पण मधे तार लागते म्हणे. दुकानदाराला विचारलं, तार धरून तू चालणार का आमच्या मागं? पितळी शिट्टी घेतली.

२० जुलै
ट्रायल. मालक विहिरीवर, मी ओट्यावर. जीव खाऊन वाजवली. आले न्हाईत. कुत्रं आलं.
शिट्टी खोटी. फसवलं मेल्यानं.

२१ जुलै
परत द्यायला गेले. दुकानदारानं वाजवून दाखवली, अख्खा बाजार वळला. त्याची फुंक दांडगी, त्याला काय. शिट्टी राहू दिली, वर रिक्षाचा रबरी भोंगा घेतला. आता न्हाई फसणार.

२३ जुलै
मालक लिंबाखाली पत्ते खेळत होते. बांधावरून भोंगा दाबला. त्यांच्या शिफ्टमधला ज्ञानदेव पळत आला. “वहिनी, आबाजींनी बघून यायला सांगितलंय, काय हाय ते.” म्हणजे स्वतः न्हाई आले, पण माणूस धाडला. कंपनीत मशीनपाशी उभं राहून कान गेलेत बिचाऱ्यांचे.

४ ऑगस्ट
खूण ठरवली. एकदा वाजलं तर थांबायचं, तीनदा वाजलं तर जिवावर बेतलंय, धावत यायचं. मालकांनी तंबाखू मळत मान हलवली. आता कसली भीती न्हाई.

६ ऑगस्ट, घरी
काल रानात घसरले. गुडघा गेला. मालक पुढं निघून गेलेले. धुकं असं की आपला हात दिसंना. शिट्टी तीनदा. भोंगा तीनदा. परत शिट्टी. तोंडाला फेस आला. शेवटी दम संपला, तशी दगडावर रडत बसले. मग मालक आले. कपाळाला गंध, हातात प्रसाद.
येताना एसटीत म्हटलं, उद्या हा माल त्या देहूरोडवाल्याच्या डोक्यात घालते, लबाड मेला.
मालक शेंगा सोलत म्हणाले, “त्याला कशाला बोलतीस? माल चांगला हाय. देवळापर्यंत समदं ऐकू येत हुतं.”
मी विचारलं, “मग आला का न्हाई?”
“वाजतंय म्हंजी तू बरी हायेस. बंद झालं, तवा निघालो की.”
विहिरीवर? लिंबाखाली? विचारलं न्हाई.
खेडला गाडी थांबली. त्यांनी दोन चहा आणले. मी तोंड फिरवून बसले.
दोन्ही त्यांनीच प्यायले.