खाऱ्या पाण्यावरचा आळ

पप्पा, खाऱ्या पाण्याची टाकी मी दुकानात लावलीच. तीही तुमच्याच जागी, शटरमधून आत आलं की डाव्या हाताला, जिथे तुमची पहिली आणि शेवटची समुद्राची टाकी होती आणि नंतर इतकी वर्षं माशांच्या खाण्याची पाकिटं लटकत होती. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाळा, खारं पाणी आपल्याला लाभत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समुद्री मासे मागायला कुणी आलं की तुमच्यामागे मीही तेच म्हणायचे, तुम्ही गेल्यावरही म्हणत राहिले. पण आता केबिन रोडवर गोल्डफिश घ्यायला थांबतंय कोण? टाक्या मोबाइलवरून घरपोच येतात, मासेसुद्धा येतात. नवऱ्याचं म्हणणं, दुकान मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने दे आणि आरामात घरी बस. घरी बस म्हणे! ज्या दुकानात सिलिकॉनच्या वासात मी पाढे पाठ केले, तिथे कव्हरं लटकवायची? मी म्हटलं, ही एक टाकी चालवून दाखवते. नाही चालली तर चावी तुझ्या हातात देईन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. तो हसला. त्याला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे.

दुसरी अट शेजारच्या कपड्यांच्या दुकानातून आली. तुमच्या वेळचे शेठ आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो गल्ल्यावर, आणि तुमच्या टाकीचं पाणी त्यांच्या साड्यांच्या गठ्ठ्यांखाली शिरलं होतं ते तो अजून विसरलेला नाही. टाकी उतरताना पाहिली आणि लगेच दारात येऊन उभा राहिला. "बेन, तुमच्या पप्पानी पण बोलला होता, काय नाय होणार. माझ्यासमोर लाईट बंद करून दाखवा. एक थेंब माझ्याकडे आला तर टाकी काढायची हां." मी म्हटलं, काढेन. 

तुम्हाला आठवत असेलच हा सगळा कारभार. वर मासे आणि कोरलची टाकी, खाली कपाटात गाळण्याची टाकी. वरचं पाणी आपोआप पाईपने खाली पडतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. सगळा जीव त्या एका पंपात. घाऊक बाजारातला माणूस मला म्हणाला, "मॅडम, मोठावाला घ्या, बिनधास्त." घेतला. आणून लावला तर वरून खाली जाणाऱ्या पाईपला तेवढं पाणी झेपेना, गुळण्या केल्यासारखा आवाज आणि वरची टाकी काठोकाठ. परत नेला, भांडले, लहान आणला. तो खोक्यावर मोठ्या गप्पा मारत होता, पण त्या गप्पा पंप जमिनीवर असतानाच्या. एवढी उंची आणि पाईपची वळणं चढून वर पोचेपर्यंत नुसती रडकी धार. तेव्हा तुमचा आवाज कानात आला. मी नववीत असताना गिऱ्हाइकाला पंपाच्या खोक्यावरचा आकडा वाचून दाखवत होते आणि तुम्ही सगळ्यांसमोर ओरडला होता, "खोकं काय वाचतेस? बादली लाव!" किती राग आला होता मला. या वेळी गुपचूप बादली लावली. पाईप टाकीच्या काठापर्यंत नेऊन, खरोखर वर किती पाणी येतंय ते बघून, वेग कमी-जास्त करायचं बटण असलेला तिसरा पंप घेतला. एक वळण काढून टाकलं. मग खाली जाणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह केसाएवढा फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. आमटीत मीठ घालताना आईचा हात जसा चालायचा तसं. आणि एका क्षणी गुळण्या थांबल्या. मी एकटीच दुकानात टाळ्या वाजवल्या.

उरला फक्त पंपाचं पाणी वर येऊन पडायचा आवाज. पाईपचं तोंड पाण्याच्या वरच्या अंगाला होतं, त्याची सारखी खळखळ. गिऱ्हाइकाशी बोलायचं तर ओरडायला लागायचं. म्हणून मी पाईपला तुकडा जोडून तोंड खोल पाण्यात दाबलं. आवाज गप्प. एकदम शांत, देवळासारखं. मी स्वतःवर बेहद्द खूश.

शेजाऱ्याला दाखवण्याआधी आपण एकदा करून बघावं म्हणून दुकान बंद असलेल्या दिवशी सकाळी मी मेन स्विच पाडला. थोडं पाणी खाली उतरणार, एवढं माहीत होतं. पण ते थांबेचना. ज्या पाईपने पाणी वर चढत होतं, तोच आता वरचं पाणी उलटं ओढून खाली आणत होता, आणि त्याचं तोंड खोल असल्यामुळे अर्धी टाकी रिकामी होईपर्यंत तो सोडणार नव्हता. खालची टाकी भरत भरत काठाला आली. मी कोपरापर्यंत हात घालून पाईप खस्सकन वर उचलला. सुर्र करून हवा आत शिरली आणि पाणी थांबलं. बाही निथळत होती आणि हातात तो पाईपचा तुकडा. पप्पा, तुमच्या हातात मी असाच एक तुकडा पाहिला होता.

माझं दहावीचं वर्ष. मी दुकानाच्या पोटमाळ्यावर अभ्यास करतेय आणि खाली तुमची नवी टाकी खळखळतेय. तुम्ही त्या टाकीच्या प्रेमातच पडलाय. स्कूटरवर कॅन बांधून उत्तनला जाताय, होडीवाल्यांना सांगून आतल्या समुद्रातलं स्वच्छ पाणी आणवताय, आणि तिथली मासळी निवडणारी बाई तुम्हाला चिडवतेय, "आमच्याकडं एवढं मासं हाय, आन तुमी पानीच काय नेता?" हे तुम्ही घरी येऊन तिच्या सुरात सांगताय आणि आई पदर तोंडाला लावून हसतेय. एक दिवस मी शिडीवरून खाली उतरते आणि म्हणते, "पप्पा, हा आवाज बंद करा हो, डोकं उठलंय माझं." तुम्ही लगेच उठता. रबरी नळीचा एक तुकडा शोधता, पाईपला जोडता आणि खोल पाण्यात सोडता. आवाज थांबतो. मी वर जाते, प्रमेय पाठ करते आणि विसरून जाते.

मग ती दुपार. तुम्ही शटर ओढून घरी जेवायला गेला होता, मागे लाईट गेली. मी क्लासवरून आले तर शटरखालून पाणी रस्त्यावर येत होतं, शेठच्या साड्या पायरीवर आणि शेठचा आवाज नाक्यापर्यंत. तुम्ही फरशीवर बसून फडका पिळत होता. मधल्या वेळात लाईट परत आली होती, पण निम्मं पाणी जमिनीवर, त्यामुळे पंप कोरडा फिरून जळला होता. सकाळपर्यंत सगळे मासे गेले. स्वयंपाकघरात आईने पोळी लाटता लाटता विचारलं, "अहो, पण हे झालं कसं?" तुम्ही माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि म्हणालात, "खारं पाणी आपल्याला लाभत नाही. पोरीची परीक्षा आहे, हा विषय पुरे." त्याच्या आधी दुकानात तुम्ही ती रबरी नळी पाईपवरून ओढून काढली होती, शर्टाला पुसली होती आणि खिशात घातली होती. मला वाटलं, तुम्ही काहीच फुकट घालवत नाही, म्हणून ठेवली असेल.

तुम्हाला कळलं होतं. त्याच दिवशी कळलं होतं! माझ्यावर आळ येऊ नये म्हणून तुम्ही तो खाऱ्या पाण्यावर घातलात आणि जन्मभर तिथेच राहू दिलात. अहो, एक भोक पाडायचं होतं फक्त! पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, पाईपला एक बारीकसं भोक. लाईट गेली की पाणी तेवढ्यापर्यंत उतरतं, भोकातून हवा शिरते, ओढ तुटते, संपलं. तुम्हाला हे सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही. पण भोक पाडायचं तर ते का पाडलं हे सांगावं लागलं असतं, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेल्या पोरीला तुम्ही ते सांगणार नव्हता. टाकी उकललीत आणि तिच्या तळाची काच घासून माझ्या अभ्यासाच्या टेबलावर बसवलीत. मी मैत्रिणींना मिरवून दाखवली होती ती काच. आता ती दुकानाच्या काउंटरवर आहे. त्याच काचेवर कागद ठेवून हे लिहितेय, आणि इतका राग आलाय तुमचा, आणि इतकं भरून आलंय, की मला मधेच उठून माशांना खायला घालून यावं लागलं.

भोक मी पाडलं, पप्पा. मग शेजाऱ्याला बोलावलं. तो हाताची घडी घालून उभा राहिला. मेन स्विच पाडला. पाणी उतरायला लागलं, खालची टाकी चढायला लागली, तो एक पाऊल मागे सरकला. मग पाईपने सुर्र केलं आणि सगळं थांबलं, काठाच्या कितीतरी खाली. तो वाकला, फरशीवरून तळवा फिरवला, कपाटाच्या मागे बोटं घालून बघितली. "सुक्कू छे," म्हणाला. आणि उठता उठता, "एक वार फरी करो." पुन्हा केलं. पुन्हा थांबलं. मग त्याने स्वतःच्या दुकानातून माझ्यासाठी चहा पाठवला. संध्याकाळी नवरा आला, बराच वेळ क्लाउन माशांसमोर उभा राहिला आणि कव्हरवाल्याचं नावही काढलं नाही. चावी माझ्याकडेच आहे. आणि आता कुणी समुद्री मासे मागायला आलं तर तुमचं ते वाक्य मी म्हणणार नाही.

नवीन टाकीखाली तुम्ही रद्दी पसरायचा, डाग पडला की गळती कळावी म्हणून. हे पत्र मी तसंच खालच्या टाकीखाली पसरणार आहे. कुठे पाठवायचं नाहीच, निदान कामाला येईल. एक मात्र कबूल करते. मी पाईपचं तोंड आता खोलच ठेवलंय, दुकान दिवसभर शांत असतं. पण सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत मी ते वर उचलून धरते आणि खळखळ ऐकत उभी राहते.